लडीतली उपाशी जागा

इमामचाचा, तुम्हाला माती देऊन आज अकरा दिवस झाले, आणि अकरा दिवस मी मोरीत खाली बघितलेलं नाही. डोळे मिटून बसते, चाचपडत तांब्या उचलते, अंदाजानं पाणी ओतते आणि बाहेर येते. पाणी तरी कुठलं, टँकरचं अर्धा तांब्या. छत्तीस वर्षांची बाई, दोन लेकरांची आई, विणकर सोसायटीच्या संचालक मंडळावर एकटी बाई म्हणून निवडून आलेली, बैठकीत सेक्रेटरीला घाम फोडणारी, आणि स्वतःच्या लघवीला भिते. दुसऱ्या कुणाचं असं ऐकलं असतं तर मी तोंडाला पदर लावून हसले असते.

तुम्ही मला दोनदा विचारलंत, "प्रयाग, लाल होतंय का?" दोन्ही वेळा मी तुमच्या तोंडावर न्हाई म्हणाले. ते खोटं होतं. दिवाळीपासून तीनदा झालंय, चाचा. तिसऱ्यांदा झालं ते तुम्ही गेलात त्याच सकाळी. तुमच्या दारात बायकांत बसून मी रडत होते, तेव्हा निम्मी तुमच्यासाठी रडत होते आणि निम्मी माझ्यासाठी. हे आता कुणाला सांगू?

सेक्रेटरी परवा घरी येऊन गेले. सोसायटीच्या अहवालात तुमच्यावर अर्धं पान छापायचंय, फोटोसकट. म्हणाले, प्रयागबाई, तुमचं अक्षर बरं आहे, शिवाय तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकलात, तुम्हीच लिहा. जन्म, गाव, सेवेची वर्षं, संस्थेची झालेली हानी. मी हो म्हणाले. रात्रशाळेत सातवी पास झाल्याचा हा दंड. वही घेऊन बसले आणि निघालं ते हे. हे काही अहवालात जायचं नाही. जन्म आणि गाव ते रजिस्टरातनं उतरवून घेतील.

मला आठवतो तो बहात्तरचा उन्हाळा. मी तुळजापूरच्या रस्त्याला दुष्काळी कामावर खडी फोडत होते, आणि थोरली पोर झाडाच्या सावलीला झोळीत. त्याच साली आपल्या गावात विणकरांची सोसायटी निघाली, सतरंज्यांची आणि जाड चादरींची, आणि तुम्ही रंगमास्तर म्हणून आलात. रंगाच्या कामाला माणसं हवी होती म्हणून खडीवर आलात आणि एकेकाचे हात बघत फिरलात. माझे हात बघून म्हणालात, ही पोरगी दगड फोडती का दगड हिला फोडतोय? मी म्हणाले, तुमाला काय करायचंय? तुम्ही मुकादमाकडं वळून म्हणालात, हिला धाडून दे, ही जगंल. तेवढ्या एका वाक्यावर माझी खडी सुटली.

तुमच्या रंगखान्यात वार ठरलेले होते. सोमवारी पिवळा, मंगळवारी हिरवा, बुधवारी लाल, पुढं निळा आणि शेवटी काळा. फिक्यावरून गडदावर गेलं की कढई मधे घासावी लागत नाही आणि पाणी वाचतं. ही रीत तुमची. आणि दुसरी रीत काडीची. रंग तयार झाला का नाही हे तुम्ही डोळ्यांनी कधी ठरवलं नाहीत. कडुनिंबाची काडी उकळत्या कढईत बुडवायची, जरा फुंकायची, जिभेच्या शेंड्याला लावायची, थुंकायचं. ऊन ढळलं की डोळ्याला रंग वेगळा दिसतो, जिभेला ऊन-सावली नसते, असं म्हणायचात. मीठ पुरलं का, आंबट किती पडलं, अजून एक उकळी हवी का, सगळं त्या शेंड्यावर.

पहिल्याच महिन्यात तुम्ही ती काडी माझ्या हातात दिलीत. चाख म्हणालात. मी चाखलं. काय लागतंय? मी म्हणाले, तुरट. मग तीच काडी तुम्ही तशीच पुन्हा कढईत बुडवलीत आणि आपल्या जिभेला लावलीत. चार विणकर बघत उभे होते. माझ्या बापानं छप्पन्न साली धर्म बदलला होता, पण गावच्या आडानं काही बदलला नव्हता. आमची घागर अजून बाजूलाच थांबायची. आणि तुम्ही माझी उष्टी काडी तोंडात घातलीत, थुंकलात, आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणालात, "बरोबर हाय. तुरट." घरी जाऊन मी हे आईला सांगितलं. आई भाकरी थापायची थांबली.

आज ती काडी आठवली की तुमचे पाय धरावेत असं वाटतं, आणि त्याच क्षणाला तुम्हाला गदागदा हलवून विचारावंसं वाटतं की मास्तर, हे काय चाखायला दिलंत मला? दोन्ही खरं आहे. एकाला धरावं तर दुसरं सुटत नाही.

शिव्या मात्र भरपूर खाल्ल्या तुमच्या. सुताच्या लडीला गुंता होऊ नये म्हणून दोन-तीन ठिकाणी दोरा बांधतात, तो सैल हवा. मी नवी, मी आवळून बांधला. लाल वाराचा अख्खा घाणा बाहेर काढला तर प्रत्येक लडीत बोटभर पांढरी जागा. दोऱ्याच्या आत रंग शिरलाच नव्हता. तुम्ही ती लड माझ्या नाकापुढं धरलीत आणि ओरडलात, "हिला कुणी उपाशी ठेवली?" तेव्हापासून रंग न घेतलेल्या जागेला आपल्याकडं उपाशी जागा म्हणायला लागले. नंतर मी बायकांना शिकवायला लागले, तेव्हा मीही तसंच ओरडायचे.

आणि गूळ. लाल वाराला दिवसभर वाफेत उभं राहायचं, हात कोपरापर्यंत रंगात, घामसुद्धा गुलाबी यायचा, थुंकी लाल. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीलाही ती झाक असायची. नव्या गड्याला कुणी आधी सांगायचं नाही. तो रंगखान्यामागच्या भिंतीला जायचा आणि पांढराफटक होऊन परत यायचा. मग सगळे टाळ्या पिटायचे. तुम्ही कोनाड्यातला डबा काढून गूळ-फुटाणे वाटायचात. रंग चढला म्हणायचात, आता हा रंगारी झाला. आम्ही बायका लांबून ऐकायचो आणि पदरात तोंड घालून हसायचो. आम्हाला कोण विचारणार? बाईच्या अंगातनं लाल जातंच, त्यात कुणाला काय नवल. पण गूळ आम्हालाही मिळायचा, आणि आम्ही तो लेकरांना घरी न्यायचो. चौदा वर्षं आपण ज्याला भ्यायला पाहिजे होतं त्याचा गूळ वाटला, चाचा. त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. तुम्ही स्वतः आयुष्यभर लाल मुतलात आणि गाढ झोपलात.

यंदा शिवरात्रीनंतर सोसायटीची विहीर आटली. लोकांना प्यायला नाही तर सुताला कुठलं? कढया पालथ्या घातल्या, भट्टीत चिमण्या शिरायला लागल्या. तुम्ही तरी रोज सकाळी येऊन कुलूप उघडायचात, आत एक फेरी मारून पुन्हा लावायचात. आम्ही चेष्टा करायचो, म्हातारा हजेरी लावतो कढयांची.

एका दुपारी तुम्ही माझ्या दारात आलात. आत या म्हणलं तर आला नाहीत. हातात पांढऱ्या सुताची एक बारकी लड होती, तिचं टोक डागाळलेलं. तुम्ही विचारलंत, "प्रयाग, भट्टी बंद होऊन किती दिवस झाले?" मी म्हणाले, दीड महिना. तुम्ही ती लड पुढं केलीत. "मग हा रंग कुठला?"

मी सवयीनं हात पुढं केला, तर तुम्ही लड मागं घेतलीत. तेव्हा मला कळलं ती कशात बुडवली होती. तुम्ही खाली बघत, मास्तर शिकवतो तशा आवाजात सांगितलंत. रंग असता तर वाळल्यावर उजळला असता. हे काळं पडलंय. धुतलं तर निम्मं पाण्यात गेलं, आणि राहिलं ते लोखंडाच्या गंजासारखं. सुतानं धरलं नाही. म्हणजे हा रंग नाही.

मला त्या डागावरून नजर काढता येईना. कारण दिवाळीनंतर एकदा, आणि भट्टी बंद झाल्यावर पुन्हा एकदा, मीही बघितलं होतं. दोन्ही वेळा मनाला सांगितलं की पाळीचं असेल. पाळीची तारीख बाईला कळत नाही होय? कळते. पण मनाला गूळ दिला की मन गप्प बसतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी साधा फोटो काढला, त्यात धड काही दिसेना. म्हणाले, मुंबईला जा, तिथं नवं मशीन आलंय, सीटी स्कॅन म्हणतात, ते माणसाला न कापता त्याचे आडवे काप दाखवतं. तुम्ही मला म्हणालात, काकडी बरी, कापायच्या आधी तिला कुणी फोटोला बसवत न्हाई. तुम्हाला मूलबाळ नाही, बानूचाची आयुष्यात सोलापूरच्या पुढं गेलेली नव्हती, तिला पाटी वाचता येत नाही. माझा भाऊ मुंबईला कामाला. म्हणून तुम्हा दोघांबरोबर मी आले. सगळ्या गावाला वाटलं, प्रयागबाईचं उपकारी काळीज. खरं सांगू? मला ते मशीन बघायचं होतं. ते मशीन काय काय शोधून काढतं, हे मला माझ्यासाठी बघायचं होतं.

त्या दवाखान्यात तुम्हाला पाण्यावर पाणी पाजलं. पिशवी भरलेली पाहिजे म्हणे, तरच फोटो नीट येतो, आणि लघवी धरून ठेवा. ज्या माणसाला तासभर धरवत नव्हतं, यष्टी थांबवून उतरावं लागत होतं, त्याला म्हणे धरून ठेवा. तुम्ही बाकावर बसला होता, गुडघ्याला गुडघा चिकटवून, कपाळावर घाम. एकेक ग्लास रिकामा करत म्हणालात, "येवढं पाणी गावाकडं न्हेता आलं असतं तर आडात सोडलं असतं गं." चाची हसली. मी हसले. तुम्ही पुढचा ग्लास उचललात.

ती खोली थंडगार होती. मधोमध मोठं गोल कडं, विहिरीला बांधतात तसं, पण उभं. त्याच्यातनं एक फळी आतबाहेर सरकायची. मला काचेच्या पलीकडून बघू दिलं. तुम्हाला फळीवर निजवलं, हात डोक्यावर घ्यायला लावले. नर्सबाईनं दंडात सुई घातली आणि म्हणाली, बाबा, आता रंग सोडतेय, अंग गरम वाटेल. रंग म्हणल्याबरोबर तुम्ही मान उचलून तिच्या हातातली बाटली बघितलीत. नंतर मला सांगितलंत, त्यांच्या रंगाला रंगच न्हाई, निव्वळ पाणी दिसतंय, पण चव हाय. तांब्याच्या भांड्याला जीभ लावल्यासारखी. हे सांगताना तुम्ही जिभेचा शेंडा ओठावर फिरवत होता, कढईपाशी फिरवायचात तसा.

फळी आत सरकली. कड्यातनं तुमचे नुसते पाय दिसत होते, टाचांना भेगा, भेगांत चौदा वर्षांचा निळा आणि लाल. आतनं घरघर आवाज येत होता. श्वास धरा, सोडा, धरा, सोडा. काचेत माझा चेहरा दिसत होता आणि त्या चेहऱ्याच्या आत तुमचे पाय. मला वाटलं ते पाय माझेच आहेत. मी चाचीचा हात इतका घट्ट धरला की तिची काकणं रुतली. ती बिचारी समजली मी तुमच्यासाठी भ्याले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आत बोलावलं. भिंतीवर उजेडाची पेटी, तिच्यावर मोठी काळी फिल्म लावलेली, फिल्मवर बारा-पंधरा चौकोन, एकेक म्हणजे तुमच्या ओटीपोटाचा एकेक काप. डॉक्टर काय बोलावं, कुठनं सुरुवात करावी, ते जुळवत होते. तुम्हीच खुर्चीवरून उठलात. फिल्मजवळ गेलात आणि बोट ठेवलंत.

"ही लघवीची पिशवी?"

डॉक्टर म्हणाले, हो.

"आणि हे पांढरं भरलंय ते तुमचा रंग?"

हो.

"मग ह्या कडंला रंग बसला न्हाई." बोट तुम्ही सरकवलंत. पांढऱ्यात एका बाजूला करडा खडबडीत खळगा होता, पुढच्या चौकोनात तो मोठा होता, त्याच्या पुढच्यात आणखी. "आतनं कायतरी आवळून बसलंय, म्हणून रंग शिरंना." मग माझ्याकडं वळून तुम्ही अगदी हळू म्हणालात, "बघ प्रयाग. उपाशी जागा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. बाबा, तुम्ही काम काय करता? तुम्ही सांगितलंत रंगारी. त्यांनी पेन खाली ठेवलं. किती वर्षं, हातात काही घालता का, वाफ नाकातोंडात जाते का, एकेक विचारत गेले. तुम्ही त्यांच्याच टेबलावरची पेन्सिल उचलून जिभेला लावून दाखवलीत, रंग असा चाखतो म्हणून. डॉक्टरांचा चेहरा मी अजून विसरले नाही. ते म्हणाले, काही रंगांत असलं विष असतं की ते शरीरातनं फिरून पिशवीत येऊन साचतं आणि वर्षानुवर्षांनी गाठ उठवतं. तुमची गाठ भिंतीच्या बाहेर गेलीय, हे ह्या फोटोत स्पष्ट दिसतंय. ऑपरेशननं आता फार हाती लागायचं नाही. पण लहान असताना सापडली तर दुर्बिणीतनं खरवडून काढता येते, माणूस जगतो. म्हणून विचारतो, तुमच्याबरोबर हे काम आणखी कोण करतं? सगळ्यांना तपासायला पाहिजे.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत.

मी म्हणाले, "चार बाप्ये हायेत, डॉक्टर. सांगते त्यांना."

परतीच्या यष्टीनं सोलापूर मागं टाकलं. तामलवाडीला गाडी थांबली, तुम्ही उतरून जाऊन आलात, धाप लागली होती. चाची खिडकीला डोकं टेकून झोपलेली. तेव्हा पहिल्यांदा विचारलंत, लाल होतंय का. मी न्हाई म्हणाले. तुम्ही म्हणालात, तू डॉक्टरशी खोटं का बोललीस? तू काय बाप्यांपेक्षा कमी चाखलंस? माझं डोकं सरकलं. मी म्हणाले, "मला मारायला निघालाय का तुमी? तुमची लागण माज्यावर कशाला ढकलता?" असं म्हणाले मी, मरायला टेकलेल्या माणसाला. पुढं पंधरा दिवस मी तुमच्या दाराकडं फिरकले नाही.

ह्या भांडणाचा निकाल लागायचा राहिला. लाज वाटली म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगत होते. बायकांचं नाव घेतलं तर सेक्रेटरी सगळ्या बायकांना रंगखान्यातनं काढतील, असंही सांगत होते. ह्यात थोडं थोडं खरं असेल. पण पुरतं खरं एकच, मी भ्याले. ते कडं, ती फळी, तो उजेडाच्या पेटीवरचा काळा कागद. बघितलं नाही तोवर ते नाहीच, अशी माझी समजूत. त्या चार गड्यांना मात्र मी आल्या आल्या हाताला धरून सोलापूरला धाडलं, सेक्रेटरीशी भांडून रजा मिळवून दिली. देवाच्या दयेनं म्हणा, चौघांचंही अजून ठीक निघालं. गावात माझं कौतुक झालं. दिव्याखाली अंधार तो हाच.

श्रावणात तुम्ही खाटेला खिळलात. मी रोज यायला लागले, भांडणाचं दोघांनीही नाव काढलं नाही. तुमची बोटं नुसती काड्या झाली होती, पण नखांतला लाल गेला नव्हता. एकदा चाची चूल बघायला गेली तेव्हा म्हणालात, "म्या तुला चाखायला शिकवलं. ते काय केल्या मला गिळवत न्हाई, बेटी." मी म्हणाले, तुम्ही मला माणसात आणलं. तुम्ही म्हणालात, ते ऱ्हाऊ दे. लाल होतंय का?

न्हाई, चाचा. कायबी न्हाई.

तुम्ही "बरं" म्हणालात आणि डोळे मिटलेत. मला वाटलं, तुम्हाला पटलं. त्याच्या चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

इथंवर लिहून मी वही मिटली होती. आज तीन दिवसांनी पुन्हा उघडतेय.

इतकं लिहिल्यावर डोळे मिटून मोरीत बसणं मला जमेना. काल सकाळी बघितलं. भट्टी बंद होऊन पाच महिने झालेत. पाळी होऊन वीस दिवस. मनाला द्यायला काही उरलं नव्हतं. मी सुताची पांढरी लड घेतली, तुम्ही केलंत तसं केलं, आणि घराच्या मागं सावलीत वाळत टाकली. दुपारपर्यंत घरात नुसती येरझारा घालत होते. तांदूळ दोनदा निवडले. मग गेले बघायला. गंजासारखं, चाचा. अर्ध्या तांब्या पाण्यात धुतलं तर निम्मं पाण्यात गेलं.

ती लड पदरात बांधून तुमच्या घरी गेले. तुम्ही गेल्यापासून चाची इद्दतीत आहे, उंबऱ्याबाहेर येत नाही, आत चटईवर बसली होती. मी तिच्यापुढं बसले आणि आधी टँकरच्या पाण्याचं बोलले. बैठका गाजवणारी बाई मी. शेवटी पदराची गाठ सोडून लड खाली ठेवली आणि म्हणाले, चाची, हे माझं आहे. मला लाल होतंय.

चाचीनं लडीकडं बघितलंच नाही. उठली, ट्रंक उघडली, तुमच्या फिल्मचं मोठं पाकीट काढलं आणि त्यातनं एक घडी घातलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. इंग्रजी मला लागत नाही, पण वर माझं नाव होतं तेवढं मी ओळखलं. प्रयागबाई. शाळेतल्या गुरुजींकडून बाकीचं वाचून घेतलं. वय अंदाजे पस्तीस. रंगकाम चौदा वर्षं. रंग चाखण्याची सवय. लघवीत रक्ताचा संशय, तपासणी करावी, गरज पडल्यास सीटी स्कॅन. खाली मुंबईच्या त्या डॉक्टरांची सही.

परत चाचीकडं गेले, तर ती म्हणाली, मुंबईला त्या दिवशी मी खाली चहा आणायला गेले होते, तेवढ्यात तुम्ही पुन्हा आत जाऊन ही लिहून घेतलीत. म्हणजे तामलवाडीला भांडलो तेव्हा ती तुमच्या खिशात होती. श्रावणात "बरं" म्हणालात तेव्हा ती ट्रंकेत होती. मी चाचीला विचारलं, मग दिली का नाही मला? चाची म्हणाली, "ते बोलले, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत न्हाई. पण हिच्या हातात कागद दिला तर ही फाडून टाकंल. हिच्या तोंडातनं निघू दे, मग दे."

ओळखलंत हो मला तुम्ही. फाडली असती.

गुरुवारच्या गाडीनं निघतेय. मालक कारखान्यावरून रजा टाकून येणार आहेत. त्यांना काल रात्री जेवताना सांगितलं, तर हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, आधी का नाही सांगितलंस. सेक्रेटरींचं अर्धं पान मी आज देऊन टाकलं. तुमचा जन्म आणि गाव लिहिलं, हानीबिनी लिहिलं, आणि शेवटी त्यांनी न सांगितलेली एक ओळ घातली. रंगखान्यात कुणालाही, बाप्या असो का बाई, लाल दिसलं तर गूळ वाटू नये, दवाखाना गाठावा. ते म्हणाले, ही ओळ अहवालात बरी दिसत नाही. मी म्हणाले, मग मी बैठकीत वाचून दाखवते. छापतील.

पण चाचा, हा सगळा तोरा गुरुवारपर्यंतचा. मला लई भ्या वाटतंय. ते पाणी पाजतील, सुई घालतील, जिभेवर ती तांब्याची चव येईल आणि मला तुमची काडी आठवेल. कड्यात जाताना माझेही पाय बाहेर दिसतील. मग कागदावर चौकोन. पांढऱ्यात कुठं उपाशी जागा आहे का, हे मला डॉक्टरांच्या आधी कळेल, कारण तुम्ही मला बघायला शिकवलंय. ती लहान असेल का भिंतीबाहेर गेलेली असेल, तेवढं मात्र आज कुणालाच माहीत नाही. चाचीनं तिच्या घरी दुवा म्हणत माझ्या कपाळावर हात ठेवून फुंकर घातली. वस्तीतल्या बायका वंदना म्हणून गेल्या. भीती काही हलली नाही.

डॉक्टर पुन्हा विचारतील. पण त्यांच्या आधी तुम्ही विचारलं होतंत, तामलवाडीच्या थांब्यावर आणि खाटेवरून, दोनदा. तेव्हा उत्तर पहिलं तुमचं.

होतंय, चाचा. लाल होतंय.